बाटली दिसली की पलंगाखाली: कुत्र्याच्या डोळ्यात औषध घालताना

आमचा बंड्या विजेच्या कडकडाटाला घाबरत नाही, पण एक काळ असा होता की फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला की तो थेट पलंगाखाली. त्याच्या डोळ्याचे थेंब फ्रिजच्या दारात ठेवलेले होते. मांजरीचा पंजा लागून डोळ्याला जखम झाली होती आणि डॉक्टरांनी दिवसातून सहा वेळा थेंब सांगितले होते. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी त्याला दाबून धरलं आणि थेंब घातले. जमलं म्हणून खूश झालो. दुसऱ्या दिवशी त्याला शोधावं लागलं. तिसऱ्या दिवशी, सात वर्षांत पहिल्यांदा, तो माझ्यावर गुरगुरला.

थेंब पडायला दोन सेकंदही लागत नाहीत. बंड्याने धसका घेतला होता तो त्याआधीच्या पाच मिनिटांचा: लाडीगोडी लावून बोलावणं, मागून अचानक मिठी, डोकं आवळणं, 'अगं धर धर, सुटला!' म्हणून आरडाओरडा. म्हणून या लेखात बाटली कशी पिळायची याच्याइतकंच त्या पाच मिनिटांबद्दलही लिहिलं आहे.

दवाखान्यातून निघण्याआधी

कुठलं औषध, कुठल्या डोळ्यात, किती वेळा, किती दिवस हे चिठ्ठीवर असतंच. त्याखेरीज पहिला प्रश्न विचारायचा तो वेदनेचा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यात नसांची टोकं दाटीवाटीने भरलेली असतात. तिथला लहानसा ओरखडाही जबर दुखतो. आपण ज्याला नाठाळपणा म्हणतो तो पुष्कळदा ठणका असतो. पोटातून वेदनाशामक देता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा. आपल्या डब्यातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्याला विषारी ठरतात.

दुसरं म्हणजे, हेच औषध मलमाच्या रूपात मिळतं का? मलम डोळ्यात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे काही वेळा दिवसातल्या फेऱ्या कमी होतात. काही कुत्र्यांना थेंब चालतो पण मलम नको असतं, काहींचं उलट. निवड करायला वाव असेल तर ती तुमच्या कुत्र्याचा स्वभाव बघून करा. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची की बाहेर आणि घालण्याआधी हलवायची का, हेही तिथेच विचारा. काही औषधं तळाशी बसतात. ती न हलवता घातली तर वरचं नुसतं पाणी डोळ्यात जातं.

आणि शक्य असेल तर पहिला थेंब तिथेच, डॉक्टरांच्या समोर, स्वतःच्या हाताने घाला. मी हे केलं नाही आणि पुढचे तीन दिवस भोगलं.

घरात मागच्या वेळची उरलेली बाटली असेल तर तिला हात लावू नका, डोळा तसाच लाल दिसत असला तरी. डोळ्यांच्या बऱ्याच औषधांत स्टेरॉइड असतं. कॉर्नियावर जखम असताना स्टेरॉइड गेलं तर जखम भरायची थांबते, पडदा विरघळू लागतो आणि डोळ्याला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणूनच डॉक्टर आधी डोळ्यात रंग टाकून निळ्या उजेडात पाहतात. जिथे जखम असेल तिथे हिरवट चमकतं. ही तपासणी घरी होत नाही. माणसांच्या डोळ्यांची लाली घालवणारे थेंब तर घरात कुत्र्याच्या तोंडाला लागतील असेही ठेवू नका. बाटली चावून ते पोटात गेले तर जिवावर बेततं.

एक थेंब म्हणजे एकच

एक मिलिलीटरमध्ये साधारण 20 थेंब असतात, म्हणजे एक थेंब सुमारे 0.05 मिलिलीटरचा. पापण्यांच्या आत त्यातलं साधारण निम्मंच मावतं. पहिलाच थेंब थोडा ओसंडून वाहतो. 'असू दे एक जास्तीचा' म्हणून लगोलग घातलेला दुसरा थेंब गालावरून ओघळतो किंवा अश्रूंच्या नळीतून नाकात आणि घशात उतरतो. औषध संपतं लवकर, उपयोग काही नाही.

ही नळी लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळे लोक घाबरतात. थेंब घातल्यावर कुत्रा नाक चाटतो, तोंड वाकडं करतो, कधी तोंडाला फेस येईपर्यंत लाळ गाळतो. अ‍ॅट्रोपिनसारखी औषधं भयंकर कडू असतात आणि ती चव नळीवाटे जिभेपर्यंत पोचते. बहुतेक वेळा हा नुसता कडवटपणा असतो. लगेच काहीतरी चवीचं चाटायला दिलं की थांबतो. अ‍ॅट्रोपिनने बाहुली मोठी होते आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा फिरायला भर उन्हात नेऊ नका.

दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. पाण्यासारखं पातळ आधी, दाट त्यानंतर, मलम सर्वांत शेवटी. मलमाचा तेलकट थर बसल्यावर त्यावर घातलेला थेंब आत शिरत नाही.

थेंब पापणीवर किंवा केसांवर पडला असेल तर तो धरायचा नाही, दुसरा घालायचा. आतल्या कोपऱ्यातून गुलाबी पडदा वर सरकून आला आणि थेंब त्यावर पडला तर तो मात्र लागू झाला. ती कुत्र्याची तिसरी पापणी. डोळा आत ओढला की ती आपोआप वर येते. मला आधी वाटलं होतं डोळा उलटा फिरला.

वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला. पण पुढची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर चुकलेला सोडून द्या, भरपाई म्हणून दुप्पट नको.

हात, कापड, बाटली

ही सगळी तयारी कुत्र्याला बोलावण्याआधी आणि त्याच्या नजरेआड करायची.

हात साबणाने धुवा. डोळ्याभोवती चिपडं साचली असतील तर ती आधी काढायला हवीत, नाहीतर औषध चिपडांनाच मिळतं. निर्जंतुक सलाईनमध्ये गॉजचा तुकडा भिजवा आणि वाळलेल्या चिपडांवर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवा. ती मऊ झाली की आतल्या कोपऱ्याकडून बाहेर अलगद पुसा. ओढून काढू नका, खाली कातडी सोललेली असते. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा घ्या. साधा कापूस नको, त्याचे धागे डोळ्यात राहतात.

फ्रिजमधली बाटली दोन-तीन मिनिटं बंद मुठीत धरा. गार थेंबाने माणूसही दचकतो.

आणि नाव वाचा. दर वेळी. कानाच्या थेंबांची बाटली डोळ्याच्या बाटलीसारखीच दिसते आणि कानाचं औषध डोळ्यात गेलं तर मोठी इजा होऊ शकते. आमच्याकडे या दोन बाटल्या आता एका कपाटातही नसतात. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवा. बरीचशी औषधं फोडल्यापासून 28 दिवसांनी टाकायची असतात. नेमकी मुदत खोक्यावर असते.

खाऊ आधी की नंतर

माझी खरी चूक इथे झाली होती. बंड्याला मी खाऊ दाखवून बोलावत होते, तो आला की धरत होते. दोन दिवसांत त्याने हिशोब मांडला: खाऊ आला की थेंब येतो. तिसऱ्या दिवशी त्याने खाऊकडे ढुंकून पाहिलं नाही. मी आमिष दाखवत होते आणि ते त्याला कळत होतं.

क्रम उलटा हवा. आधी बाटली दिसली पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. बाटली गेली की खाऊही बंद. हे इतक्या वेळा व्हावं की बाटली दिसताच त्याने खाऊसाठी तुमच्या हाताकडे पाहावं.

त्यासाठी खोटे खेळ खेळायचे, औषधाच्या वेळा सोडून. टोपण लावलेली बाटली पाठीमागून पुढे आणा, लगेच खाऊ द्या, बाटली परत मागे. पाच-सहा वेळा, मग बस. दोन मिनिटांच्या वर ताणू नका. तो निवांत राहिला की पुढची पायरी: हनुवटीला हात लावला, खाऊ. मग अंगठ्याने खालची पापणी जराशी ओढली, खाऊ. मग बंद बाटली डोक्यावरून डोळ्यापर्यंत नेली, खाऊ. हे आधी ज्या डोळ्याला काही झालेलं नाही त्या बाजूने करा. दुखरा डोळा शेवटी. एखाद्या पायरीला तो मान वळवत असेल तर घाई झाली, एक पायरी मागे या.

यासाठी त्याचा सगळ्यात आवडता खाऊ राखून ठेवा आणि तो एरवी देऊ नका. चाटायला लागेल असा पातळ खाऊ उत्तम, कारण कुत्रा चाटत असताना डोकं एका जागी राहतं. बाजारचा खाऊ असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे डबीवर वाचा. ते कुत्र्याला विषारी असतं.

वेळ असेल तर त्याला हनुवटी टेकवायला शिकवा. मांडीवर किंवा दुमडलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकवली की खाऊ मिळतो. हनुवटी उचलली की तुम्ही हात मागे घ्यायचा, रागवायचं नाही. 'नको' म्हणायची सोय आहे हे कळलं की कुत्रा हनुवटी जास्त वेळ टेकवून ठेवतो. वाचताना पटत नाही, करून पाहिल्यावर पटतं. चिराग पटेल या प्रशिक्षकाचा 'बकेट गेम' याच विचारावर उभा आहे: कुत्रा खाऊच्या भांड्याकडे पाहत राहतो तोवर काम चालू, त्याने नजर हटवली की काम थांबलं.

पण जखम शिकवणी पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. औषध आजच सुरू करायचं असेल तर खरा थेंब आणि खोटा खेळ यांच्या जागा वेगळ्या ठेवा. खरा थेंब, समजा, बाथरूमजवळच्या चटईवर, आणि खेळ हॉलमध्ये. म्हणजे खऱ्या थेंबाच्या वेळी थोडी झटापट झाली तरी हॉलमधला विश्वास शाबूत राहतो. दिवसातून सहा खरे थेंब असतील तर मधे दहा-पंधरा खोटे होऊ द्या. त्याच्या झोपायच्या जागी जाऊन, झोपेतून उठवून थेंब कधीच घालू नका. ती जागा त्याची आहे.

धरायचं कसं

गळा धरायचा नाही. पट्टा ओढून मान आवळली की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू किंवा खोल जखम असलेल्या डोळ्याला तो परवडत नाही. पग, शिह त्झू, पेकिंगीज अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात. मानेची कातडी जोरात मागे खेचली तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. आजारपणापुरता तरी गळपट्टा काढून हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घाला.

समोरून वाकून येऊ नका. समोरून वर झुकणारा माणूस, त्याच्या हातात टोकदार वस्तू आणि ती सरळ डोळ्याच्या दिशेने, हे कुणालाच आवडणार नाही. मोठ्या कुत्र्याला तुमच्याकडे पाठ करून बसवा, त्याचं ढुंगण तुमच्या गुडघ्यांमध्ये येईल असं. म्हणजे मागे सरकायला जागाच उरत नाही. लहान कुत्र्याला न घसरणारी रबरी चटई टाकून टेबलावर घ्या किंवा मांडीत पाठमोरं बसवा. पुढचे पाय मारत असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळा. गळा मोकळा आणि श्वास मोकळा हवा. दोघं असाल तर एकाने छातीवर आणि हनुवटीखाली हात ठेवून हळू आवाजात बोलत राहायचं, दुसऱ्याने थेंब घालायचा. बोलणारा एकच. लहान मुलांना धरायला लावू नका.

आता हात. उजव्या हाताचे असाल तर डाव्या तळहातात त्याचा जबडा घ्या आणि नाक किंचित वर, छताकडे करा. डाव्या अंगठ्याने खालची पापणी हलकेच खाली ओढा. उजव्या हातात बाटली, पण त्या हाताची कड त्याच्या कपाळावर टेकलेली असू द्या. हे टेकणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्याने डोकं झटकलं तर हातही डोक्याबरोबर जातो आणि बाटलीचं टोक डोळ्यात घुसत नाही. त्याच हाताच्या करंगळीने वरची पापणी उचला. बाटली डोक्याच्या मागून, कपाळावरून पुढे आणा म्हणजे ती त्याला शेवटपर्यंत दिसत नाही. डोळ्यापासून एक-दोन सेंटिमीटर वर थांबवा आणि वरच्या पांढऱ्या भागावर एक थेंब सोडा. टोक डोळ्याला, पापणीला, केसांना लागू देऊ नका. लागलं तर जंतू बाटलीत शिरतात आणि मग दर वेळी तेच डोळ्यात जातात.

थेंब पडला की लगेच सोडा. त्याला पापण्या मिटू-उघडू द्या. एका सेकंदात खाऊ. कौतुक नंतर करा.

पहिल्यांदा हा सगळा खटाटोप तीन हातांचा वाटतो. घरातल्या खेळण्यातल्या टेडीवर पाच-सहा वेळा सराव करा. हसायचं त्याने हसावं.

मलम असेल तर

ट्यूब हातात धरून कोमट करा, मलम सुरळीत येतं. खालची पापणी ओढली की तिथे एक खिसा तयार होतो. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी, फार तर अर्धा सेंटिमीटर लांब रेघ सोडायची. ट्यूब डोळ्याला समांतर धरा, टोक कधीही बुबुळाच्या दिशेने नको. रेघ तुटत नसेल तर ट्यूब जराशी फिरवा. पापणी मिटली की अंगाच्या उबेने मलम आपोआप पसरतं. चोळायची गरज नाही, आणि जखम असताना तर अजिबात चोळू नका. काही मिनिटं त्याला धुरकट दिसतं, तेवढा वेळ जिन्यापासून आणि उड्या मारण्यापासून लांब ठेवा.

नंतरचे दहा मिनिटं आणि नंतरचे दिवस

थेंबानंतर लगेच सोडून दिलं तर तो तोंड गालिच्यावर घासतो किंवा पंजा मारतो, आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते. पाच-दहा मिनिटं त्याला गुंतवून ठेवा. गळ्यातला प्लास्टिकचा कोन डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो रात्रीही काढू नका. सगळ्यांना दया येते आणि सगळे 'थोडा वेळ' म्हणून काढतात. डोळ्याला एक पंजा पुरतो. कोनाची कड नाकाच्या टोकापेक्षा पुढे आलेली हवी.

घरात दोघं-तिघं औषध घालणार असाल तर फ्रिजवर कागद चिकटवा, वेळ आणि सही. आमच्याकडे एका रात्री तो थेंब दोघांनी घातला होता आणि पुढच्या सकाळी कुणीच नाही.

डोळे कोरडे पडण्याचा आजार असेल तर गोष्ट निराळी. डॉक्टर पापणीत कागदाची पट्टी ठेवून एका मिनिटात ती किती भिजते ते मोजतात. 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर अश्रू ठीक. या आजारात सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस बहुधा जन्मभर चालतं आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. दिवसातून दोनदा म्हटलं तरी एका डोळ्यात वर्षाला 730 थेंब. इथे जबरदस्ती चालूच शकत नाही, हनुवटी टेकवणं शिकवावंच लागतं. ही औषधं घालताना हातमोजे घाला किंवा लगेच हात धुवा.

गुरगुरला तर

थांबा आणि मागे व्हा. रागवू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती देण्याबद्दल मार खाल्ला तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. खरं तर गुरगुरण्याआधीही तो बोलत असतो: ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसू लागतो, आणि मग अंग एकदम ताठ होतं. ताठ झाला की हात मागे.

जाळीचं मुसकं वापरता येतं. त्यातून श्वास, पाणी, खाऊ सगळं जातं आणि डोळे मोकळे राहतात. पण तेही आधी खाऊ देऊन सवयीचं करावं लागतं, नाहीतर एका भीतीत दुसरी भर. तरीही जमत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. 'घालतोय घालतोय' म्हणत लपवू नका, नाहीतर त्यांना वाटेल औषध लागू पडत नाही. त्यांच्याकडे उपाय असतात: घरून निघण्याआधी द्यायचं भीती कमी करणारं औषध, दिवसात कमी वेळा लागणारं औषध, काही दिवस दवाखान्यात ठेवणं, किंवा दर दोन तासांनी औषध लागणार असेल तर पापणीतून बसवलेली बारीक नळी, जिच्यातून डोळ्याला हात न लावता औषध सोडता येतं.

वाट न पाहता न्यायचं कधी

औषध चालू असूनही डोळा आदल्या दिवसापेक्षा जास्त मिटून घेत असेल, बुबुळ निळसर किंवा दुधाळ दिसायला लागलं, बुबुळावर खळगा किंवा जेलीसारखा फुगवटा दिसला, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, हिरवट-पिवळा पू आला, डोळा मोठा झाल्यासारखा वाटला किंवा कुत्रा सामानावर आपटायला लागला, तर त्याच दिवशी. यातल्या काही गोष्टींत तासांवर नजर अवलंबून असते. थेंब घातल्यावर डोळा अचानक लालभडक झाला आणि पापण्या सुजल्या, तर त्या औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते. पुढचा थेंब घालण्याआधी फोन करा.

साधा वरवरचा ओरखडा बहुधा आठवड्याभरात भरतो. डोळा उघडा दिसला, पाणी थांबलं, म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. जखम भरली की नाही हे पुन्हा तो रंग टाकूनच कळतं.

बंड्याची जखम आठव्या दिवशी भरली. उरलेली बाटली त्याच दिवशी टाकली. रिकाम्या बाटलीचा खेळ मात्र अजून आठवड्यातून एकदा होतो: टोपण लावलेली बाटली कपाळावरून पुढे येते, तो हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवतो आणि खाऊची वाट पाहतो. फ्रिजचं दार उघडलं तर आता तो पलंगाखालून बाहेर येतो.